सुरतेच्या पाठीमागचा मुलूख

सुरत हे नाव कानी पडले की मराठी वाचकाच्या मनात दोनच प्रसंग उभे राहतात: जानेवारी 1664 ची स्वारी आणि ऑक्टोबर 1670 ची स्वारी. ‘सुरत बेसुरत केली’ हे शब्द तर आमच्याकडे शाळकरी मुलांच्याही तोंडी असतात. गुजराती वाचकाच्या मनातही हेच दोन प्रसंग असतात. फरक एवढाच की आम्ही जेथे छाती फुगवतो तेथे तो उसासा टाकतो. इंग्रज लेखकाला त्या दिवसांत आपली वखार आणि तिच्या दारी उभा राहिलेला अध्यक्ष ऑक्झेंडन यांखेरीज फारसे काही दिसत नाही. तिघांच्या भावना तीन, परंतु एका बाबतीत तिघांचे एकमत आहे. सुरत म्हणजे तटाच्या आतले शहर, असे तिघेही धरून चालतात.

या समजुतीने सुरत प्रांताच्या इतिहासलेखनाचे मोठे नुकसान केले आहे, असे आमचे मत आहे. शहराच्या पूर्वेस बारडोलीचे सपाट शिवार ओलांडले की व्यारा आणि सोनगड हा डोंगराळ, झाडीचा मुलूख लागतो. सोनगड सुरतेपासून सुमारे नव्वद किलोमीटर आहे. भुसावळ-सुरत लोहमार्गाने खानदेशातून कामधंद्यासाठी येणारी हजारो मराठी कुटुंबे हा मुलूख खिडकीतून पाहतच उधना-लिंबायतच्या वस्त्यांत पोहोचतात. मराठे सुरत शहरात आले ते दोन वेळा काही दिवसांपुरते. या डोंगरात मात्र ते राहिले, त्यांनी किल्ला बांधला, राज्य केले, आणि आपसांतले एक युद्ध हरून येथेच आश्रयाला परतले. ज्या जागी आपण राहिलो ती जागा आमच्या ग्रंथांत एका ओळीत यावी, आणि जेथे आपण केवळ येऊन गेलो त्या जागेवर प्रकरणेच्या प्रकरणे लिहिली जावीत, हे कसे घडले?

आधी आमच्या घरचे लेखन पाहू. कृष्णाजी अनंत सभासद याने आपली बखर 1697 च्या सुमारास जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिली. ती धन्याचे चरित्र सांगण्यासाठी होती. सुरतेचा इतिहास सांगणे हे तिचे काम नव्हते, म्हणून तिला दोष देता येत नाही. दोष आहे तो बखरीची नजर घेऊन पुढे इतिहास लिहिणाऱ्यांचा. लुटीचा आकडा किती, यावर आमच्याकडे जेवढा वाद झाला तेवढा त्या लुटीनंतर प्रांताचे काय झाले यावर झाला नाही. औरंगजेबाने सुरतेच्या व्यापाऱ्यांना एका वर्षाची जकात माफ केली, शहराभोवती पक्क्या तटाचे काम हाती घेतले गेले, या गोष्टी परकीयांच्या कागदांत वाचाव्या लागतात. डच वखारीचा दलाल मोहनदास पारेख हा हयात असताना मोठा दानधर्मी होता, म्हणून त्याच्या घराला धक्का लावला नाही, ही हकीकत बर्निएर या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवली. महाराजांच्या न्यायबुद्धीची साक्ष देणारी ही गोष्ट आमच्या उत्साही लेखकांना त्या आकड्यापेक्षा कमी मोलाची वाटावी, याचे नवल वाटते.

गुजरातीत कवी नर्मदाशंकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ‘सुरतनी मुखतेसर हकीकत’ लिहिली. आपल्या गावावर जीव असणाऱ्या माणसाचे ते लेखन आहे, आणि तोच त्याचा गुण आहे. पण गाव म्हणजे शहर. शहराची समृद्धी, शहराची पडती, शहराची माणसे. ज्या डोंगरातून लाकूड, बांबू आणि मोह शहराकडे उतरत होता तो डोंगर त्या प्रेमाच्या परिघाबाहेर राहिला.

राहिले इंग्रजी गॅझेटियर. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली 1877 साली निघालेला मुंबई गॅझेटियरचा दुसरा खंड ‘सुरत आणि भडोच’ या नावाचा आहे. पिके, जाती, बंदरे, कर, पाऊस यांची एवढी माहिती एका ठिकाणी आजही क्वचितच मिळते. परंतु त्या खंडाचे सुरत म्हणजे इंग्रजांच्या ताब्यातले सुरत. सोनगड-व्यारा बडोदे संस्थानात होते. म्हणून त्यांची हकीकत सातव्या खंडात, बडोद्याच्या नावाखाली, 1883 साली आली. एकाच नदीकाठचा, एकाच बाजाराला जोडलेला प्रांत दोन धन्यांमुळे दोन पुस्तकांत विभागला गेला. 1949 साली बडोदे विलीन झाल्यावर हा मुलूख सुरत जिल्ह्यात आला, आणि 2 ऑक्टोबर 2007 रोजी तापी हा वेगळा जिल्हा होऊन तो पुन्हा बाहेर गेला. सरकारी हद्दींप्रमाणे इतिहास लिहिला तर या डोंगराला कधीच स्वतःचा इतिहास मिळणार नाही.

मग या डोंगराचा इतिहास कोणता? सेनापती खंडेराव दाभाडे यांच्या पदरचे पिलाजी गायकवाड हे 1720 च्या आगेमागे या भागात उतरले. प्रथम त्यांचा तळ नवापुरास होता. तेच नवापूर, जेथे रेल्वेस्थानकाचा अर्धा फलाट आज महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. पुढे मेवासी भिल्लांच्या ताब्यातला सोनगड त्यांनी घेतला, तेथे किल्ला उभा केला, आणि गायकवाडांचे मुख्य ठाणे दीर्घ काळ तेथेच राहिले. बडोद्याच्या राजवाड्यांकडे पाहणाऱ्यास ही दौलत राजवाड्यात जन्मली असे वाटेल. तिचा पाळणा सोनगडच्या डोंगरावर हलला आहे, आणि तो हलवताना भिल्ल-कोळ्यांचे हात लागले आहेत. पिलाजींनी या लोकांशी सख्य जोडले नसते तर मोगली सुभ्याच्या तोंडावर एवढ्या लहान फौजेचा निभाव लागणे कठीण होते.

यानंतर आमच्या लेखकांना अवघड वाटणारा भाग येतो. गुजरातेत चौथ वसूल करण्याचा हक्क सेनापती दाभाडे आपला समजत होते. 1730 साली पेशवे बाजीरावांनी सुभेदार सरबुलंदखानाकडून चौथ-सरदेशमुखीचा करार स्वतःच्या हाती घेतला. दाभाड्यांना हा आपल्या ताटातला घास वाटला. खंडेराव 1729 साली निवर्तले होते. त्यांचे पुत्र त्रिंबकराव निजामाकडे वळले. पिलाजी गायकवाड, कंठाजी कदम बांडे आणि पवार मंडळी त्यांच्या बाजूस होती. 1 एप्रिल 1731 रोजी डभोईजवळ मराठ्यांची फौज मराठ्यांच्या फौजेवर चालून गेली. सेनापती त्रिंबकराव रणात पडले. जखमी पिलाजी सोनगडच्या आश्रयास गेले. छत्रपती शाहूंनी नंतर मोठ्या प्रयासाने मायेचे पांघरूण घातले, यशवंतरावांस सेनापतिपद दिले, पिलाजींस सेना खासखेल हा किताब मिळाला. पण पुढच्याच वर्षी, एप्रिल 1732 मध्ये, मारवाडच्या अभयसिंहाने पाठवलेल्या माणसांनी पिलाजींचा डाकोर येथे, रणछोडरायाच्या क्षेत्री, घात केला. मग हेच भिल्ल-कोळी उठले, त्यांच्या उठावाचा आधार घेऊन दमाजी गायकवाड पुढे सरले, आणि 1734 साली बडोदे परत मिळाले.

डभोईला ‘यादवी’ म्हणण्यास आमचे लेखक कचरतात. कोणी ‘गृहकलह’ म्हणतो, कोणी ‘दाभाडे प्रकरण’. प्रकरण हा शब्द कचेरीतला आहे; रणात पडलेल्यांसाठी तो वापरू नये. आणि ही यादवी एकदाच झाली असेही नाही. 1751 साली दमाजी महाराणी ताराबाईंच्या बाजूने थेट साताऱ्यापर्यंत चालून गेले, पेशव्यांकडून पराभूत होऊन कैदेत पडले, आणि अर्ध्या गुजरातेची वाटणी मान्य केल्यावर सुटले. नारायणराव पेशव्यांच्या 1773 सालच्या वधानंतर तर यादवीचे कागद सुरतेतच लिहिले गेले. मार्च 1775 मध्ये रघुनाथरावांनी इंग्रजांशी केलेला तह ‘सुरतेचा तह’ म्हणूनच ओळखला जातो. त्यात वसई आणि साष्टी देऊ केली होती. ही साष्टी मुंबईजवळची, गोव्याची सासष्टी नव्हे, हे आमच्या गोमंतकीय वाचकांसाठी सांगून ठेवतो. त्या युद्धात गायकवाडांचे घरही दुभंगले. गोविंदराव राघोबांकडे होते, तर फत्तेसिंगराव प्रथम विरुद्ध बाजूस. 1782 सालच्या सालबाईच्या तहापर्यंत हा धुमसता निखारा विझला नाही. शंभर वर्षांपूर्वी जे शहर आम्ही लुटले त्याच शहरात आमच्याच एका पेशव्याने आमचा मुलूख लिहून दिला. सुरतेच्या दोन स्वाऱ्या मुलांना शिकवणाऱ्याने हा तिसरा प्रसंगही शिकवला पाहिजे.

या विषयावर साधने नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली 1930 ते 1934 या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 खंड निघाले. त्यांतील बारावा खंड दाभाडे आणि गुजरातच्या संपादनाचाच आहे. बडोदे सरकारनेही आपल्या दफ्तरातील ऐतिहासिक कागद छापण्यास त्याच सुमारास आरंभ केला. वि. गो. खोबरेकर यांनी ‘गुजरातेतील मराठी राजवट’ हा विषय मराठीत स्वतंत्रपणे हाताळला. या मंडळींचे ऋण मोठे आहे. सरदेसायांची तर आयुष्याची उमेदीची वर्षे बडोद्याच्या सेवेत गेली. तरीही आमची तक्रार आहेच. या ग्रंथांत गुजरात दिसते ती साताऱ्याहून, पुण्याहून, फार तर बडोद्याहून. पत्रे सरदारांची सरदारांना. त्यांत गाव येतो तो रकमेच्या रूपाने. एका वर्षी दाभाड्यांचा कमाविसदार, दुसऱ्या वर्षी पेशव्यांचा, मधूनच नबाबाचा आणि शेवटी कुंपणीचा, अशी दारी येणारी माणसे बदलत गेली तेव्हा खळ्यावरच्या कुणब्याने काय केले, हा प्रश्न विचारला जात नाही.

हा प्रश्न विचारता येतो, आणि त्याचे उत्तर शोधताही येते, हे दाखवणारे एक उदाहरण दूरदेशीचे आहे. अमेरिकेतील ॲपलेशियन डोंगररांगेत, उत्तर कॅरोलिना राज्यात, मॅडिसन नावाचा लहान ग्रामीण जिल्हा आहे. 1861 ते 1865 या यादवी युद्धात त्या एका जिल्ह्यात दोन पक्ष झाले. खालच्या गावातले पुष्कळसे दक्षिणेच्या बाजूने, वरच्या शेल्टन लॉरेल खोऱ्यातले पुष्कळसे उत्तरेच्या बाजूने. मिठाची टंचाई पडली तेव्हा खोऱ्यातल्या लोकांनी जानेवारी 1863 मध्ये मार्शल हे गाव लुटले. त्याचा सूड म्हणून दक्षिणेच्या सैनिकांनी 13 कैद्यांना गोळ्या घातल्या. त्यांत कोवळी मुलेही होती. आणि त्या पलटणीत त्याच भागातील माणसे होती. त्या महायुद्धाच्या मोठ्या इतिहासांत या घटनेस फार तर एक टीप मिळेल. फिलिप पालुडन या इतिहासकाराने 1981 साली ‘व्हिक्टिम्स’ हे पुस्तक केवळ या एका घटनेवर लिहिले. त्याने राजधानीतून खोऱ्याकडे न पाहता खोऱ्यातून राजधानीकडे पाहिले. मीठ का संपले, शेजारी शेजाऱ्याचा वैरी कसा होतो, हे त्याने विचारले. सोनगडचा इतिहास लिहिणाऱ्यास हा ग्रंथ वाचनीय वाटेल. तेथेही डोंगर होता, यादवी होती, आणि ज्यांनी ती सुरू केली नाही त्यांनाच तिची झळ लागली होती.

डोंगरातून पाहण्याची दृष्टी आमच्याकडे का आली नाही, याचे एक कारण आम्हांस शब्दांत सापडते. बडोद्याच्या कारभारात सोनगड-व्यारा या भागास ‘रानी महाल’ म्हणत, आणि मैदानी भागास ‘रास्ती’. रास्ती म्हणजे सरळ, वळणाचा. रानी म्हणजे रानटी. तेथील चौधरी, गामीत, ढोडिया, भिल्ल या लोकांना सर्रास ‘काळीपरज’ म्हणत, आणि 1920 च्या दशकात गांधीजींच्या चळवळीत ते नाव टाकून ‘रानीपरज’ हे नाव घेतले गेले. महाराज सयाजीरावांनी सोनगडास या लोकांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली ही गोष्ट निर्विवाद थोर आहे. परंतु ज्यांना आपण शिकवावयाचे आहे त्यांच्यापाशी आपण शिकण्यासारखे काही असेल, हे त्या काळच्या कोणाही कारभाऱ्याच्या टिपणात सहसा आढळत नाही.

या बाबतीत एका परकीय ग्रंथाने आमचे डोळे उघडले आहेत. 1922 च्या अखेरीस या डोंगरात ‘देवी’ आली. पूर्वेकडच्या डोंगरातून सलाबाई ही देवता आली आहे असे सांगत माणसांच्या अंगात वारे येऊ लागले, आणि तिच्या आज्ञा गावोगाव ऐकल्या जाऊ लागल्या: दारू-ताडी सोडा, मांस-मासे सोडा, रोज स्नान करा, दारूच्या पीठेवाल्याच्या दारी जाऊ नका. हजारो माणसांनी ते पाळले. पीठेवाल्यांचा धंदा बसला. डेव्हिड हार्डिमन यांनी ‘द कमिंग ऑफ द देवी’ या 1987 सालच्या ग्रंथात ही हकीकत गावोगावच्या वृद्ध आदिवासींना विचारून लिहिली. वाऱ्याला वेड न म्हणता, अंधश्रद्धा म्हणून न झिडकारता, एका समाजाने आपल्या देवाच्या तोंडून आपलाच निश्चय ऐकला, असे त्यांनी मानले. कौल लावून निर्णय घेणारे आमचे वाचक या भूमिकेचे मर्म विनासायास जाणतील. ज्या मुलखात लिहिलेला कागद नाही तेथे देव हाच दफ्तर राखतो. वाघदेवाची मांडणी, कणसरीची पूजा, पावरीवर वाजणारे सूर, डोंगरदेवाच्या जत्रेचा मार्ग यांत सीमा, पिके, दुष्काळ आणि स्थलांतरे नोंदलेली असतात. हार्डिमन यांच्या ग्रंथात आम्हांस एक उणीव दिसते. देवीच्या आधीच्या दोन शतकांत याच डोंगरावर जी मराठी सत्ता बसली होती, तिची पुसट खूण तरी या लोकांच्या स्मृतीत राहिली होती का, हे त्यांनी अधिक खणून पाहावयास हवे होते. पण हे खणण्याचे काम मराठी आणि गुजराती अभ्यासकांचे आहे. ते परकीयावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

आणि या कामाला मुदत आहे. सोनगडजवळ उकाई येथे तापीवर धरण झाले. 1972 साली ते पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली शंभराहून अधिक गावे गेली. सुरत शहराला पाणी आणि वीज मिळाली, कालव्याखाली ऊस पिकला. त्यांची देवस्थाने, शिवेचे दगड, स्मशाने आणि शेते पाण्यात गेली. उठून दुसरीकडे बसलेली माणसे आता वृद्ध झाली. जो इतिहास कागदावर नव्हता त्याचा जमिनीवरचा आधारही गेला, आणि उरला तो काही वृद्धांच्या स्मरणात. डभोईनंतर जखमी पिलाजी कोणत्या वाटेने सोनगडास गेले हे विचारावयास कोणी उरले नसेल. पण एका गावाचा वाघदेव कोठे होता हे विचारण्यास अजून माणसे आहेत.

आमच्या वाचकांना याचे सोयर काय, असे कोणी विचारील. आमच्यापैकी अनेकांच्या कुलदेवता 1560 च्या दशकात आपली मूळ स्थाने सोडून अंत्रुज महालात गेल्या. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला. मूळ जागा परक्या राज्यात गेल्या, तरी देवाच्या नावाबरोबर त्या गावांची आठवण आम्ही साडेचारशे वर्षे जपली. गाव गेला म्हणजे काय जाते, हे आम्हांस सांगावे लागत नाही. कवळ्याचे आजचे देऊळ शाहू छत्रपतींच्या काळात, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने, 1738 च्या सुमारास उभे राहिले. डभोईचे युद्धही त्याच छत्रपतींच्या राज्यात, त्याच दशकातले. एकाच सत्तेने एका टोकास देवळास आश्रय दिला, आणि दुसऱ्या टोकास तिच्याच दोन फौजा एकमेकींवर धावल्या. पहिली गोष्ट देवस्थानच्या इतिहासात अभिमानाने सांगावी आणि दुसरी विसरावी, हे सत्याला धरून नाही.

याच धाग्याचे दुसरे टोकही दाखवितो. तळेगावचे दाभाडे श्रावणमासात ब्राह्मणांना दक्षिणा वाटीत. डभोईनंतर ती प्रथा बाजीरावांनी पुण्यात चालू ठेवली. पेशवाई बुडाल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून इंग्रजांनी 1821 साली पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली, आणि पुढे दक्षिणा प्राइज कमिटीने मराठी ग्रंथांना बक्षिसे दिली. ज्या मराठी गद्यात आम्ही हे लिहीत आहोत त्याच्या बाल्यावस्थेतील पोषणात डभोईच्या रणाचा असा दूरचा वाटा आहे. यादवी झाकून ठेवली की अशी मुळेही झाकली जातात.

तेव्हा सुरत प्रांताचा जो नवा इतिहास लिहिला जाईल, त्याला आम्ही तीन कसोट्या लावू. त्यात शहराइतकीच जागा सोनगड-व्याऱ्याला असावी. 1664 आणि 1670 यांच्या शेजारी 1731 आणि 1775 ही साले त्याच आकाराच्या अक्षरांत असावीत. आणि बडोद्याच्या दफ्तरखान्यातील मोडी कागद वाचणारा लेखक सोनगडच्या पाड्यावरही जाऊन बसलेला असावा. मराठी, गुजराती आणि चौधरी-गामीतांची बोली जाणणारी तीन माणसे एकत्र बसली तरच हे साधेल. डांग कोणाचे, हा वाद 1950 च्या दशकात पेटला तेव्हा दोन्ही बाजूंनी इतिहास वकिली कागदासारखा वापरला. 1960 साली डांग गुजरातेत गेले आणि वकील घरी गेले, पण डांगचा इतिहास त्यामुळे कोणी अधिक समजून घेतला नाही. तसे पुन्हा होऊ नये.

सुरतेत आज मराठी शाळा आहेत, तीन-तीन पिढ्यांची मराठी घरे आहेत. त्या घरातील मुलाला वर्गमित्राने ‘तुम्ही आमचे शहर लुटले’ म्हटले तर त्याच्यापाशी आज दोनच उत्तरे असतात: गुरकावणे किंवा मान खाली घालणे. तिसरे उत्तर त्याला देता यावे. आमचे पूर्वज येथे लुटीला आले, चौथ घेऊन राहिले, तुमच्या भिल्ल-कोळ्यांच्या आधाराने टिकले, आपसांत लढून दुबळे झाले, आणि अखेर आपल्या गिरणी-मागावर राबणाऱ्या लेकरांच्या रूपाने येथलेच झाले. हे उत्तर लांब आहे, पण खरे आहे; आणि ते त्याच्या हाती देणारे पुस्तक मराठीत यावे, ही आमची मागणी आहे.